घरच्यापुरतं

वहिनीकडून येणाऱ्या पिशव्यांवर स्केच पेनानं लिहिलेलं असतं. 'शेंगा – घरच्या'. 'हुलगा – घरचा'. 'हळद – घरची, जपून'. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालेलं पोतं पहाटे कात्रजला उतरतं. ते रिक्षात घालून मी घरी आणते आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर सोडते. पंचवीस वर्षं हे चालू आहे. त्या 'घरच्या' शब्दाकडे मी इतकी वर्षं माहेरची माया म्हणूनच बघत आले. एक पिशवी घरची आहे म्हणजे त्याच रानातली दुसरी कुठली तरी घरची नाही, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

ते शिरलं दोन-तीन वर्षांपूर्वी, आणि त्याला निमित्त झालं रक्ताच्या तपासणीचं.

२०२२ च्या जुलैमध्ये एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा, रोज चाला, आणि बाहेरचं कमी खा. या तिन्हींतलं मी फक्त तिसरं ऐकलं, आणि तेही माझ्या सोयीनं. बाहेरचं म्हणजे त्यांना वडापाव म्हणायचा होता. मी अर्थ काढला की बाजारातलं धान्य, भाजी, सगळंच फवारलेलं आणि विषारी. तेव्हा आता सगळं सेंद्रिय आणायचं. चालण्यापेक्षा खरेदी केव्हाही सोपी.

घराजवळ एक दुकान आहे. आत शिरलं की वाळ्याचा वास, तागाच्या पिशव्या, आणि प्रत्येक बरणीवर हिरवं पान. तिथून मी ऑरगॅनिक गूळ, ऑरगॅनिक कच्ची साखर, नाचणीचे चिप्स, मल्टिग्रेन बिस्किटं असं काय काय आणलं. बिल नेहमीच्या वाण्याच्या अडीच-तीनपट. पण इतके पैसे मोजल्यावर एक शांती मिळते, नवस फेडल्यासारखी. साखरेचा चहा बंद केला आणि गुळाचा सुरू केला. गुळाचा आहे म्हणून दोनाचे चार कप झाले. बिस्किटं ऑरगॅनिक म्हणून दोनाऐवजी पाच.

तीन महिन्यांनी तपासलं तर ६.४.

डॉक्टरांनी काय काय खाता ते विचारलं. मी मोठ्या अभिमानानं यादी सांगितली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, "गूळसुद्धा बहुतांशी साखरच असतो हो. ऊस सेंद्रिय असला म्हणून तुमच्या स्वादुपिंडाला ते कळत नाही."

मग मी इरेला पेटले. इतके पैसे मोजून आपण विकत काय घेतो, ते तरी समजून घेऊ म्हटलं. दुकानातल्या पोराला विचारलं, "हे ऑरगॅनिक कशावरून?" तो म्हणाला, "मॅडम, सगळं नॅचरलच आहे." तेव्हा लक्षात आलं, 'नॅचरल' हा शब्द कुणीही कशावरही लिहू शकतो. तो लिहायला शाई पुरते. 'ऑरगॅनिक' लिहायला मात्र आपल्याकडे २०१७ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत आणि 'जैविक भारत' नावाचं चिन्ह आहे. त्यामागे दोन वाटा. एक एनपीओपी. तीत एक त्रयस्थ संस्था येऊन शेत तपासते, कागद बघते, फी घेते. निर्यातीच्या मालाला मुख्यतः हीच लागते. दुसरी पीजीएस. तीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची रानं बघतात आणि एकमेकांची हमी देतात. मला ही दुसरी वाट जास्त आवडली. आपल्या शेजाऱ्यानं रात्री बांधावरून काय फवारलं, हे शेजाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? (अर्थात गावाकडचे शेजारीसंबंध बघता ही हमी कधी प्रेमापोटी मिळेल आणि कधी भांडणापोटी अडेल, तेही सांगता येत नाही.)

आणि रसायनं आज सोडली म्हणून रान उद्या सेंद्रिय होत नाही. हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं थांबावं लागतं. त्या काळात उत्पन्न घटतं आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. बरणीवरच्या हिरव्या पानात ही दोन-तीन वर्षं दिसत नाहीत.

गुळाचा विषय माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्या हिवाळ्यात एका लग्नासाठी कोल्हापूरला गेले तेव्हा नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीनं एका गुऱ्हाळावर जाऊन बसले. चुलवाणात चिपाडं धडधडत होती. काहिलीत रस उकळत होता आणि त्यावर मळी येत होती. भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चिकट रस काहिलीत सोडतात, तो ती मळी धरून वर आणतो. ही जुनी रीत. गुळव्यानं उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघितली आणि काहील उतरवायला सांगितली. वाफाळ गूळ मोठ्या वाफ्यात ओतला. रंग तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी. मी म्हटलं, "आमच्याकडे तर पिवळाधमक येतो." तो म्हणाला, "ही काहील मालकाच्या घरची हाय. पिवळा पायजे आसंल तर पावडर टाकाय लागती. सौद्यात काळा गूळ गेला की दर पडतो, बाई. आमी काय करनार? गिऱ्हाईक डोळ्यानं खातंय."

पावडर म्हणजे हायड्रॉस. गूळ उजळ करायला वापरतात ते. मला आठवलं, लग्नानंतर कितीतरी वर्षं वाण्याकडे मीच म्हणत होते, "काळपट नको हं, चांगला पिवळा दाखवा."

पण तो बोलून गेला त्यातला एक शब्द जास्त टोचला. मालकाच्या घरची. इथंही घरचं.

संक्रांतीला गावी गेले. आप्पाची, माझ्या थोरल्या भावाची, दोन एकर द्राक्षबाग आहे. बाकी रानात शाळू, थोडा ऊस, थोडं काहीबाही. सकाळी बागेत त्याच्याबरोबर हिंडताना मी सरळच विचारलं, "आप्पा, घरच्यासाठी द्राक्षं वेगळी ठेवतोस का रे, बिनफवारणीची?"

तो थांबला. "द्राक्ष आन् बिनफवारणीचं?" मग हात धरून शेवटच्या ओळीत घेऊन गेला. गेल्या वर्षी त्यानं तिथली चार झाडं हौसेनं सोडून बघितली होती. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, डाऊनी हा बुरशीचा रोग आला, आणि आठवड्याभरात घड काळे पडून गळून गेले. डाऊनीतून वाचलं तर भुरी, भुरीतून वाचलं तर थ्रिप्स आणि मिलीबग या किडी. मण्याला फुगवण यावी म्हणून घड औषधात बुडवायचे, ते वेगळंच. हंगामात फवारण्या किती होतात, असं विचारल्यावर त्यानं बोटं मोजायला घेतली आणि मध्येच हसून हात खाली सोडला.

"मग आम्ही खातो ते?"

"त्याचं सांगू का तुला? युरोपला जानारा माल काढायच्या आधी लॅबमदी तपासून जातो. औषधाचा अंश जास्ती निघाला की बागच नापास."

यामागची गोष्ट द्राक्षवाल्यांना चांगली ठाऊक आहे. २०१० मध्ये युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती. वाढ रोखून घड धरायला मदत करणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश त्यांच्या मर्यादेहून जास्त निघाला, आणि कंटेनर बंदरात अडकले. त्याचे घाव या पट्ट्यात अजून ओले आहेत. तेव्हापासून निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि तपासणी जास्त कडक झाली. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, ते पीएचआयचे दिवस आप्पाला तोंडपाठ आहेत. मंडईत येणाऱ्या पेटीची अशी झडती कुणी घेत नाही. म्हणजे रॉटरडॅमच्या बाईच्या वाटीतला घड तपासलेला, आणि पुण्याच्या बाईच्या वाटीतला देवाच्या भरवशावर.

हे ऐकून मी चिडले. शहरातल्या माणसाला शेतकऱ्यावर चिडायला फार वेळ लागत नाही. बरंच बोलले. आप्पानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "श्रीलंकेचं वाचलंस न्हवं? २०२१ च्या एप्रिलमदी रासायनिक खतं एकदम बंद केली आन् नोव्हेंबरात परत चालू केली. तवर भाताचं, चहाचं वाटोळं झालं. माझ्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज हाय. मी एका रात्रीत सोडलं तर तुझी शुगर उतरंल, पर माझी बाग उतरंल की."

संध्याकाळी तो फवारून आला. वहिनीनं अंगणातच त्याच्यापुढं एक गुलाबी बादली सरकवली. कपडे तीतच टाकायचे. ती बादली घरात येत नाही, तिच्यात दुसरं काही भिजत नाही. साबणही वेगळा. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, डबा बघून ठरवते मी. हिरवा त्रिकोण असला तर चहा आधी. लाल असला तर आंघोळ आधी." औषधाच्या डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणं लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. पुण्याच्या दुकानात मी बरण्यांवर हिरवं पान शोधत हिंडत होते, आणि वहिनी इथं डब्यावरचा त्रिकोण बघून पाणी तापवत होती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ती बातमी वाचल्यापासून तिनं ही बादली वेगळी काढली होती. पाच वर्षं मी त्या अंगणात येऊन-जाऊन होते, आणि मला वाटत होतं ती जनावरांची असेल.

माझ्या ताटात शेवटी अंश येतो. पूर्ण मात्रा आप्पाच्या अंगावर पडते. सेंद्रियाचा विचार मी तोवर फक्त माझ्या रक्ताच्या अहवालावरून करत होते, याची त्या रात्री लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वहिनीला विचारलं, "मग तुम्ही पिशव्यांवर 'घरचं' लिहिता ते काय?" ती मला विहिरीपलीकडच्या तुकड्यात घेऊन गेली. वीस-बावीस गुंठे असेल. मटकी, हुलगा, थोडा भुईमूग, बांधावर अंबाडी आणि शेवगा, कोपऱ्यात हळद. आणि त्यापलीकडं काळ्या रानात शाळू, पोटऱ्यात आलेला. इथं फवारत नाही, कारण फवारायची फारशी वेळच येत नाही. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढते. हुलग्याला कुणी विचारत नाही, तो खडकाळ रानातही येतो. चाकवत, घोळ, पाथरी तर कुणी पेरतही नाही.

मला जे काही कळलं ते हे एवढंच, आणि ते कुठल्या बरणीवर लिहिलेलं नव्हतं. मी फ्लॉवर, ढोबळी मिरची, द्राक्षं, बारमाही टोमॅटो हेच सगळं खात राहून त्याच्यावर शिक्का मात्र सेंद्रियाचा मागत होते. ही मुळात लाडावलेली पिकं. त्यांना बिनऔषधाचं वाढवणं महाकठीण, म्हणून ती महाग, आणि म्हणूनच तिथं खोटेपणाला जागाही जास्त. त्यापेक्षा जी पिकं स्वभावानंच राकट आहेत ती खावीत की. मटकी, हुलगा, ज्वारी, बाजरी, नाचणी, जवस, शेवग्याचा पाला. त्यांना शिक्का असला तर उत्तम, नसला तरी फार बिघडत नाही. आमची आजी हेच खात होती, असं कुणीतरी म्हणेल. खात होती, पण तिला दुसरं मिळत नव्हतं म्हणून. आणि हुलग्याचं माडगं सलग चौथ्या दिवशी पुढ्यात आलं की ती काय बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. जुन्या काळाची आरती मला ओवाळायची नाही.

पुण्याला परतले ती शाळूचं पोतं घेऊन, आणि पन्नाशीच्या तोंडावर भाकरी शिकायला लागले. माहेर सांगलीकडचं असून मला भाकरी येत नव्हती, हे आजवर लपवून ठेवलं होतं. उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, थापताना गोल फिरवायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं. माझ्या भाकरीला कडेनं चिरा पडायच्या, महाराष्ट्राचा नकाशा व्हायचा. वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं पडद्यावरूनच ओळखलं. "पीठ कधीचं हाय, वन्सं? विरी गेलीय त्याची." पंधरा दिवसांचं होतं. तेव्हापासून आठवड्यापुरतंच दळून आणते. गिरणी दहा मिनिटांच्या अंतरावर, डबा पाच किलोचा. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं असं मागच्या दारानं घरात आलं.

तेलही बदललं, लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं आणलं. महाग पडतं म्हणून तळण आपोआप कमी झालं. तेल गुणकारी की त्याची किंमत, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. शाळूत एप्रिलमध्ये पोरकिडे झाले तेव्हा मी त्यांच्याकडे बघून चक्क खूश झाले, म्हटलं, चला, औषध मारलेलं नाही. नवरा म्हणाला, "हे तुझे सर्टिफिकेशनवाले इन्स्पेक्टर का?" मग उन्हं दाखवली, निवडलं, डब्यात कडुलिंबाचा पाला घातला. अर्धा दिवस गेला. या जगण्यात वेळ फार जातो, आणि तो बहुतेक घरी बाईचाच जातो. आमच्याकडे निवडायचं काम आता नवऱ्याकडे आहे. टीव्हीसमोर ताट घेऊन बसतो आणि खडे दाखवायला मला हाका मारतो.

दीड वर्षानं आकडा ५.८ वर आला. मी फोनवर मुलीला सांगितलं, "बघ, सेंद्रियाचा गुण." ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. तिनं शांतपणे विचारलं, "फरसाण खातेस?" नाही. "बिस्किटं?" नाही. "किती चालतेस?" रोज साडेतीन-चार किलोमीटर. "मग आई, सेंद्रियाचा गुण कुठून काढलास?" वर तिनं मला अभ्यास वाचायला लावले. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोवरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून बघितले, तर सेंद्रिय अन्न ठळकपणे जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत, सेंद्रिय जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसला. पण सेंद्रिय घेणारा माणूस बहुधा बऱ्या कमाईचा, कमी सिगारेट ओढणारा, भाज्या जास्त खाणारा असतो. संशोधकांनी हिशेबातून ते वजा करायचा प्रयत्न केला, तरी माणसाच्या सवयी एकमेकींपासून पुरत्या सुट्या होत नाहीत. मुलीचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचा थोडा रागही आला. पण आता माझ्या डोक्यात ती गुलाबी बादली होती. तिचा माझ्या साखरेशी संबंध नव्हता.

पुढच्या दिवाळीत मी आप्पापुढं प्रस्ताव ठेवला. विहिरीपलीकडचा तुकडा वाढव. आमच्या सोसायटीतली दहा घरं आणि मी, असा आमच्या अकरा घरांचा माल आधी भाव ठरवून घेऊ. आप्पानं तंबाखू मळत विचारलं, "भाव पडला तर ठरल्या भावानं घेशील? कीड लागली तर घेशील? पीकच आलं न्हाई तर पैसे परत मागशील का?" या तीन प्रश्नांची उत्तरं मी दहा घरांत जाऊन मागितली. चहा सगळ्यांनी पाजला. उत्तरं आठवडाभरानं आली.

आप्पानं आणखी एक एकर रान सोडलं. रानाला घालायचं जीवामृत केलं. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांची ही कृती आता गावोगाव पोचली आहे. देशी गाय आमच्याकडे नव्हती, शेण चुलत्याच्या गोठ्यातून आणलं. ड्रममध्ये गूळ आणि बेसन पडताना बघून वहिनी हळहळली, "एवढ्यात साऱ्या गल्लीला पुरणपोळ्या झाल्या असत्या." बियाणं मात्र तिच्याच गाडग्यांतलं होतं, राखेत जपलेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांची बँक उभारली म्हणून २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वहिनीनं टीव्ही बघत म्हटलं होतं, "गाडगी तर आमच्याकडं बी हायती." आता तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ऐट होती.

पहिल्या वर्षी भुईमूग निम्मा आला. वांग्यांना अळी लागली आणि दोन घरांनी ती परत केली. एका काकूंनी सांगितलं की अळीचं काही नाही हो, पण पाहुणे होते. मटकी आणि हुलगा भरपूर आला, इतका की हुलग्याचं काय करायचं हे विचारायला रोज कुणीतरी दार वाजवायचं. मी कढण, पिठलं, शेंगोळे असं सांगत सुटले. तिसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी त्याचा राजमा केला. चांगला झाला होता.

द्राक्षबाग आहे तशीच आहे. फवारणी चालू आहे, बादलीही. सेंद्रिय द्राक्षाचा विषय मी पुन्हा काढलेला नाही. आप्पानं ऑगस्टमध्ये आपणहून सांगितलं की या वर्षी लाल त्रिकोणाचं एक औषध त्यानं बंद केलंय आणि फवारायला मास्क घालतोय. घालतोय की नाही ते वहिनी कळवते.

गेल्या महिन्यात कात्रजला पोतं उतरलं. यंदा पहिल्यांदाच वहिनीनं घरागणिक पिशव्या बांधून पाठवल्या होत्या, अकरा. मी फरशीवर मांडून बघू लागले. दहा पिशव्यांवर लिहिलेलं, 'हुलगा – पुण्याचा'. एकीवर, 'हुलगा – घरचा'. माझ्या पोटात धस्स झालं. एकाच तुकड्यातला माल असं मी दहा घरांत छातीठोक सांगितलं होतं. दोन्ही पिशव्या सोडून शेजारी-शेजारी ओतल्या, हातात घेऊन बघितल्या, वास घेतला. फरक कळेना. शेवटी फोन लावला.

"रास एकच हाय की, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुमच्यात दोन किलो जास्ती घातलाय. बदलाबदली हू नये म्हणून लिहिलं."